रिमोट घेतला की ऐन वेळी स्क्रीन काळी, नाहीतर ‘परवानगी नाही’: पुन्हा पुन्हा येणाऱ्या तिकिटाचा माग

“सर, पासवर्ड मागतोय. काय टाकू?”

हेल्पडेस्कवर बसणाऱ्या कुणालाही हे वाक्य नवीन नाही. रिमोट जोडलेला असतो (म्हणजे युजरचं मशीन आपण लांबून आपल्या स्क्रीनवर चालवत असतो), माउस आपल्या हातात असतो, इन्स्टॉलरवर डबल क्लिक झालेलं असतं आणि नेमकी तेव्हाच आपल्याकडची स्क्रीन काळी होते किंवा जागच्या जागी गोठते. पलीकडच्या माणसाला मात्र सगळं स्वच्छ दिसत असतं: मधोमध एक खिडकी, तिच्यात ॲडमिनचं नाव आणि पासवर्डची रिकामी चौकट. ज्याच्याकडे पासवर्ड आहे त्याला चौकट दिसत नाही, आणि ज्याला चौकट दिसते त्याच्याकडे पासवर्ड नाही.

मग जे सगळे करतात तेच आम्हीही बरीच वर्षं केलं. आवाज खाली आणून फोनवर पासवर्ड सांगितला. “कॅपिटल ए, मग ॲट द रेट...” “ते गोल गोल असतं तेच ना?” “हो मॅडम, तेच.” तिकीट, म्हणजे नोंदवलेली तक्रार, बंद. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाचं तसंच तिकीट. एक दिवस एका युजरने प्रिंटरचा ड्रायव्हर स्वतःच टाकला आणि “तुम्हाला कशाला त्रास द्यायचा म्हणून” असं मला कौतुकाने सांगितलं. तेव्हा कळलं की आमचा लोकल ॲडमिनचा (मशीनवरच्याच ॲडमिन खात्याचा) पासवर्ड अख्ख्या मजल्याला पाठ आहे.

या दुखण्यावर घाईघाईत केलेले इलाज मी इतके पाहिलेत (आणि काही स्वतः केलेत) की आधी निदान कसं करायचं ते लिहितो. औषध त्यानंतर.

आधी बघा, अडलंय कुठे

युजर म्हणतो “रिमोट चालत नाही”. टेक्निशियन तिकिटात लिहितो “परमिशन इश्यू”. या दोन शब्दांत तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. पहिली, रिमोट टूलने युजरला विचारलेला प्रश्न: या माणसाला आत घेऊ का? दुसरी, ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रश्न: या टूलला स्क्रीन बघू देऊ का, माउस-कीबोर्ड चालवू देऊ का? तिसरी, ॲडमिन अधिकारांची: हा प्रोग्रॅम सिस्टिममध्ये बदल करू पाहतोय, चालेल का? पहिला प्रश्न युजरचा. तिसरा ॲडमिनचा. दुसरा सिस्टिमप्रमाणे बदलतो, आणि मॅक नि लिनक्सवर सगळ्यात जास्त डोकं तोच खातो.

जोडणीच होत नसेल तर पहिल्यात बघा. जोडणी झाली पण नुसता वॉलपेपर दिसतोय किंवा क्लिक लागत नाही, तर दुसऱ्यात. सगळं ठीक चाललं होतं आणि सेटअप उघडताच काळोख झाला, तर तिसऱ्यात. हे न ओळखता लोक तिसऱ्याचं दुखणं पहिल्यावर काढतात. स्क्रीन काळी होते म्हणून युजरला विचारण्याचीच सोय बंद करून टाकतात. स्क्रीन तरीही काळीच राहते आणि वर कुणाच्याही मशीनमध्ये न विचारता शिरायची वाट मोकळी होते.

काळी स्क्रीन: यूएसी आणि सिक्युअर डेस्कटॉप

विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे 2007 पासून, पासवर्ड मागणारी ही खिडकी आपल्या मागे आहे. तिला यूएसी (युजर अकाउंट कंट्रोल) म्हणतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती उघडते कुठे, हे फारसं कुणी बघत नाही. युजरचे आयकॉन, एक्सेल, ब्राउझर ज्या डेस्कटॉपवर असतात त्यावर ती उघडतच नाही. विंडोज एक वेगळा, बंदिस्त डेस्कटॉप समोर आणतं, मागे आपल्या डेस्कटॉपचा मंद केलेला फोटो लावतं आणि त्यावर ही खिडकी मांडतं. युजरच्या साध्या अधिकारांनी चालणाऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमला तिथलं काही दिसत नाही आणि तिथे क्लिकही करता येत नाही. मुद्दामच तसं केलंय, नाहीतर कुठलाही व्हायरस स्वतःच ‘येस’ दाबून मोकळा झाला असता.

आता रिमोट टूलचा विचार करा. युजरने डाउनलोड्समधून डबल क्लिक करून चालवलेलं टूल विंडोजच्या लेखी एक साधा प्रोग्रॅम आहे. त्यामुळे त्यालाही तो डेस्कटॉप दिसत नाही. तेच टूल रीतसर इन्स्टॉल केलं आणि ते सर्व्हिस म्हणून (मागे आपोआप चालणारा प्रोग्रॅम) विंडोजच्या स्वतःच्या सिस्टिम खात्याखाली चालत असेल तर दिसतो. म्हणूनच “माझ्याकडे एनीडेस्कवर दिसतं, तुझ्याकडे कसं दिसत नाही?” या वादात दोघंही खरं बोलत असतात. एकाकडे इन्स्टॉल केलेलं असतं, दुसऱ्याकडे नुसतीच चालवलेली फाइल.

तपासायला अर्धं मिनिट लागतं. सर्व्हिसेसच्या यादीत तुमच्या टूलचं नाव ‘रनिंग’ दिसतंय का ते बघा. नसेल तर काळ्या स्क्रीनचं कारण जवळपास नक्की झालं.

इलाज मी या क्रमाने करतो.

कायमच्या सपोर्टखाली असलेल्या मशीनवर एजंट (रिमोट टूलचा युजरच्या मशीनवर बसणारा भाग) रीतसर इन्स्टॉल करा, सर्व्हिससकट. एकदा ॲडमिन पासवर्ड लागेल, तो मशीन सेट करतानाच टाका. यूएसीची खिडकी मग तुम्हाला दिसते, पासवर्ड तुम्ही स्वतः टाइप करता आणि युजरच्या कानावर तो पडत नाही. इन्स्टॉल करणं शक्य नसेल तर बऱ्याच टूल्समध्ये जोडणी झाल्यावर अधिकार वाढवून मागण्याची सोय असते. ॲडमिनचं नाव-पासवर्ड तुम्ही तुमच्या बाजूने पाठवता आणि टूल पलीकडे स्वतःला वरच्या अधिकारांनी पुन्हा सुरू करतं. जोडणी झाल्या झाल्या हे उरकून घ्या. यूएसीची खिडकी एकदा उघडली की तुमच्या हातात काही राहत नाही.

विंडोजचं जुनं रिमोट असिस्टन्स वापरणाऱ्यांसाठी एक वेगळी खोच आहे. मदतनीस कंट्रोल मागतो तेव्हा युजरसमोर येणाऱ्या खिडकीत एक चौकोन असतो, मदतनीसाला यूएसीला उत्तर देऊ द्यायचं का याबद्दलचा. तो टिक केला की काम भागतं. पण युजर स्टँडर्ड (ॲडमिन अधिकार नसलेला) असेल तर त्या टिकसाठीच ॲडमिन पासवर्ड मागितला जातो. किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप. यावर मार्ग आहे: विंडोजच्या सुरक्षा नियमांच्या (पॉलिसींच्या) यादीत, सिक्युरिटी ऑप्शन्समध्ये ‘अलाउ यूआयॲक्सेस ॲप्लिकेशन्स टु प्रॉम्प्ट फॉर एलिव्हेशन विदाउट युजिंग द सिक्युअर डेस्कटॉप’ अशी लांबलचक नावाची पॉलिसी आहे. ती मुळात बंद असते. चालू केली की रिमोट असिस्टन्सच्या सेशनपुरती खिडकी साध्या डेस्कटॉपवर येते आणि मदतनीसाला दिसते. बाकीच्या वेळी बंदिस्त डेस्कटॉप तसाच राहतो.

याच यादीत ‘स्विच टु द सिक्युअर डेस्कटॉप व्हेन प्रॉम्प्टिंग फॉर एलिव्हेशन’ ही दुसरी पॉलिसी आहे. रजिस्ट्रीत (विंडोजची सेटिंग्ज साठवण्याच्या जागेत) ती पॉलिसीज खालच्या सिस्टिम या कीमध्ये ‘प्रॉम्प्टऑनसिक्युअरडेस्कटॉप’ नावाने सापडते. तिची किंमत 1 ची 0 करा, काम झालं, असा सल्ला तुम्हाला सगळीकडे मिळेल. होतं काम, नाही असं नाही. मायक्रोसॉफ्टच्या क्विक असिस्टसारख्या, सर्व्हिस नसलेल्या टूलमध्ये तर कधीकधी हाच एक मार्ग उरतो. पण त्यानंतर प्रत्येक यूएसी खिडकी, तुम्ही जोडलेले नसतानाही, साध्या डेस्कटॉपवर येणार, जिथे इतर प्रोग्रॅम तिच्यावर आपली नक्कल रंगवू शकतात. करायचंच असेल तर त्या सेशनपुरतं करा आणि परत 1 करूनच बाहेर पडा. मी तिकीट बंद करण्याच्या यादीत ही ओळ घालून ठेवली आहे, कारण “नंतर करतो” म्हटलेलं नंतर झालेलं मी पाहिलेलं नाही.

आणखी एक इलाज मला वारसाहक्काने मिळाला होता: ‘इनेबलएलयूए’ ही रजिस्ट्रीतली किंमत 0 करून यूएसीच बंद. माझ्या आधीच्या माणसाने सगळ्या मशीनवर तो लावला होता. गंमत म्हणजे स्टँडर्ड युजरसाठी त्याचा काडीचा उपयोग नसतो. पासवर्डची चौकट येणंच थांबतं, त्यामुळे सेटअप काही न विचारता सरळ नापास होतो आणि “हल्ली काहीच इन्स्टॉल होत नाही” अशी नवीन तिकिटं सुरू होतात. ॲडमिन असलेल्या खात्यावर मात्र प्रत्येक प्रोग्रॅम पूर्ण अधिकारांनी चालतो, ईमेलमधून उघडलेला सुद्धा. हा बदल सापडला तर परत 1 करा आणि मशीन रीस्टार्ट करा, त्याशिवाय तो लागू होत नाही.

खिडकी येतच नाही आणि थेट नकार मिळतो, असं असेल तर त्याच कीमध्ये ‘कन्सेंटप्रॉम्प्टबिहेव्हियरयुजर’ बघा. तिथे 0 असेल तर स्टँडर्ड युजरची प्रत्येक मागणी आपोआप नाकारली जाते. हे काही ठिकाणी सुरक्षेसाठी मुद्दाम केलेलं असतं, तेव्हा ते ज्याने केलं त्याला विचारल्याशिवाय बदलू नका.

राहिला फोनवर सांगितलेल्या पासवर्डचा प्रश्न. सगळ्या मशीनवर एकच लोकल ॲडमिन पासवर्ड असेल तर वरचं काहीही केलं तरी तुम्ही तिथेच याल. विंडोज लॅप्स ही लोकल ॲडमिनचे पासवर्ड सांभाळणारी सोय. ती एप्रिल 2023 च्या अपडेटपासून विंडोजमध्येच मिळते, वेगळं काही उतरवावं लागत नाही. प्रत्येक मशीनचा पासवर्ड वेगळा, यादृच्छिक, मूळ सेटिंगमध्ये 14 अक्षरांचा आणि 30 दिवसांनी बदलणारा. पासवर्ड वापरला गेला की ठरावीक मुदतीने, मूळ सेटिंगमध्ये 24 तासांनी, तो आपोआप बदलण्याची सोयही त्यात आहे. म्हणजे नाइलाजाने फोनवर सांगावा लागलाच तरी उद्या तो निकामी. आमच्याकडे हे लागू झाल्यावर मजल्याचं पाठांतर संपलं. (चौदा अक्षरं फोनवर सांगणं इतकं जिवावर येतं की त्या धास्तीनेच एजंट इन्स्टॉल करण्याचं प्रमाण वाढलं, हा वरचा फायदा.)

शॅडो: न विचारता बघता येतं, किंवा विचारलं तरी बघता येत नाही

एका सर्व्हरवर अनेक जण विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने काम करत असतील तर त्यांच्या सेशनमध्ये (प्रत्येकाच्या चालू लॉगिनमध्ये) डोकावण्यासाठी शॅडो वापरतात. सर्व्हर 2012 मध्ये ही सोय काढली होती, 2012 आर2 मध्ये परत आली. एमएसटीएससी या रिमोट डेस्कटॉप उघडणाऱ्या कमांडला शॅडो स्विचसोबत सेशनचा नंबर द्यायचा, हात लावायचा असेल तर कंट्रोल स्विच जोडायचा. कंट्रोल विसरलात तर फक्त बघता येतं. “क्लिक लागत नाही” या तक्रारीचं निम्म्या वेळा एवढंच कारण असतं.

तिसरा स्विच ‘नोकन्सेंटप्रॉम्प्ट’. नावावरून वाटतं की तो लावला की युजरला विचारलं जाणार नाही. पण हा निर्णय कमांड देणाऱ्याच्या हाती नसतो. ज्या मशीनवर ते सेशन चाललंय तिथली पॉलिसी ठरवते. पॉलिसी युजरची परवानगी मागत असेल आणि तुम्ही हा स्विच लावलात तर विंडोज तुम्हाला चक्क सांगतं की ग्रुप पॉलिसीनुसार (ॲडमिनने मशीनवर लावलेल्या नियमांनुसार) युजरची संमती लागते, आणि जोडत नाही. लोक हा एरर बघून आपल्याच लॅपटॉपवर ग्रुप पॉलिसी उघडून बसतात. तिथे तासभर काहीही बदललं तरी फरक पडणार नाही.

बघायची जागा, पलीकडच्या मशीनवर: कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कॉम्पोनन्ट्स, रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस, रिमोट डेस्कटॉप सेशन होस्ट, कनेक्शन्स. तिथे रिमोट कंट्रोलचे नियम ठरवणारी पॉलिसी आहे. रजिस्ट्रीत ती ‘शॅडो’ नावाची एक किंमत होते. 0 म्हणजे रिमोट कंट्रोल बंद. 1 म्हणजे युजरच्या परवानगीने पूर्ण ताबा, 2 म्हणजे परवानगीशिवाय पूर्ण ताबा. 3 म्हणजे परवानगीने फक्त बघणं, 4 म्हणजे परवानगीशिवाय फक्त बघणं. हीच पॉलिसी युजर कॉन्फिगरेशनखालीही आहे. दोन्हीकडे वेगवेगळं लिहिलं असेल तर कॉम्प्युटरची चालते. “मी 2 लावलं तरी विचारतंच” म्हणणाऱ्याने बहुधा युजरखाली 2 लावलेलं असतं आणि डोमेनवरून (कंपनीच्या मशीनची मध्यवर्ती व्यवस्था) कॉम्प्युटरखाली 1 येत असतं. जीपीरिझल्ट कमांडचा रिपोर्ट काढला की कुठली पॉलिसी जिंकली ते दिसतं.

साधा रिमोट डेस्कटॉप चालतो पण शॅडो जोडत नाही, असं असेल तर फायरवॉल बघा. रिमोट डेस्कटॉपचा 3389 हा पोर्ट उघडा असणं शॅडोला पुरत नाही. ‘रिमोट डेस्कटॉप शॅडो’ नावाचा इनबाउंड नियम वेगळा आहे, शिवाय सुरुवातीच्या बोलाचालीला 445 हा पोर्ट लागतो. आणि युजर डिस्कनेक्ट होऊन गेला असेल किंवा स्क्रीन लॉक करून जेवायला गेला असेल तर परवानगीवर क्लिक करणार कोण? तुम्हाला नकार मिळतो आणि तुम्ही पॉलिसीत चूक शोधत बसता.

आता 1 की 2, हा खरा वाद. बहुतेक ॲडमिनचं उत्तर 2 असतं, माझंही होतं. युजरला कशाला त्रास, मी काय कुणाच्या मेल वाचणार आहे?

एका युजरचा रोज सकाळी तोच रिपोर्ट अडायचा म्हणून मी त्याच्या सेशनचा शॅडो शॉर्टकट माझ्या डेस्कटॉपवर करून ठेवला होता. सेशन नंबर 3. तीन-चार दिवस मस्त चाललं. पाचव्या दिवशी शॉर्टकट उघडला तर समोर एका बाईंची स्क्रीन. कुणाला तरी राजीनामा लिहीत होत्या, ओळ लिहायच्या, खोडायच्या, परत लिहायच्या. सर्व्हर रात्री रीस्टार्ट झाला होता. सेशनचे नंबर लॉगिनच्या क्रमाने नव्याने पडतात, आणि त्या दिवशी 3 नंबर त्यांना मिळाला होता. मी खिडकी बंद केली. त्यांना काहीच कळलं नाही, कारण कळायची सोयच मी बंद करून ठेवली होती.

त्यात हेतूचा काही दोष नव्हता, नंबर चुकला होता. किंमत 1 असती तर त्या बाईंच्या समोर “अमुक जण तुमचं सेशन बघू इच्छितो” अशी खिडकी आली असती, त्यांनी ‘नो’ दाबलं असतं आणि माझी चूक तिथेच अडली असती. तोवर मी ती खिडकी युजरच्या समाधानासाठी आहे असं धरून चाललो होतो. खरं म्हणजे आपण भलत्याच दारात उभे आहोत हे आपल्याला सांगणारी ती एकमेव गोष्ट असते. त्या दिवशी 1 केलं, आजही 1 आहे. शॉर्टकट काढून टाकला. आता आधी क्यूयुजर ही सेशनची यादी दाखवणारी कमांड चालवून त्या क्षणाचा नंबर बघतो, मगच शॅडो.

कुणी कधी बघितलं याची नोंद विंडोज ठेवतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये टर्मिनल सर्व्हिसेस रिमोट कनेक्शन मॅनेजरच्या ऑपरेशनल लॉगमध्ये 20503 म्हणजे शॅडो बघणं सुरू, 20506 म्हणजे ताबा सुरू. 2 किंवा 4 लावण्यावाचून इलाज नसेल तर या दोन नोंदी तुमच्याशिवाय आणखी कुणीतरी नियमित बघतंय एवढी व्यवस्था करा.

जाता जाता: साध्या विंडोज मशीनवर नुसता रिमोट डेस्कटॉप वापरून सपोर्ट देऊ नका. तिथे एका वेळी एकच जण बसू शकतो. तुम्ही आपल्या खात्याने आत शिरायला लागलात की युजरला विचारणा होते, त्याने ठरावीक सेकंदांत नकार दिला नाही तर त्याची स्क्रीन तुमच्यासाठी मोकळी केली जाते. त्याची अडचण तुम्हाला दिसत नाही आणि तुम्ही काय करताय ते त्याला दिसत नाही.

विचारणा येते, पण कुणी बघण्याआधीच जाते

हे दुखणं त्यामानाने सोपं. विचारणेची खिडकी दुसऱ्या मॉनिटरवर किंवा फुलस्क्रीन मीटिंगच्या मागे उघडते आणि मुदत संपते. फोनवर युजरला आधी सगळं मिनिमाइझ करायला सांगा, मग विनंती पाठवा.

पण एक सेटिंग मुद्दाम शोधून बघा: मुदत संपल्यावर काय होतं? व्हीएनसी या रिमोट टूलच्या काही प्रकारांत, अल्ट्राव्हीएनसीत उदाहरणार्थ, उत्तर न आल्यास नाकारायचं की स्वीकारायचं हे निवडता येतं. कुणीतरी कधीतरी ‘स्वीकारा’ करून ठेवलेलं असेल तर तुमच्याकडे परवानगीची खिडकी आहे आणि परवानगी नाही. युजर चहा प्यायला गेला की होकार. ते ‘नाकारा’ करा. कंपनीची मशीन सांभाळायला मायक्रोसॉफ्टचा कॉन्फिगरेशन मॅनेजर असेल तर क्लायंट सेटिंग्जमध्ये विचारणा, क्लिपबोर्डसाठी वेगळी विचारणा, वरची पट्टी, आवाज आणि माणूस नसलेल्या मशीनला परवानगी, असे सगळे खटके वेगवेगळे आहेत. सर्व्हर आणि कुणी न बसणारी मशीन यांचा एक गट करून तिथे न विचारता जोडणी ठेवा, माणसांच्या लॅपटॉपचा दुसरा गट करून तिथे विचारणा ठेवा. एकच सेटिंग दोघांना लावायला गेलं की कुणाची तरी रोज अडचण होते, आणि शेवटी सगळीकडे विचारणाच बंद होते.

मॅक आणि लिनक्सवर

मॅकवर जोडलात आणि सुंदर वॉलपेपर दिसतोय, पण एकही खिडकी नाही? युजर सांगतोय की समोर ब्राउझर उघडा आहे? स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी दिलेली नाही. 2019 च्या कॅटालिना या मॅकओएस आवृत्तीपासून हे असं आहे. खिडक्या दिसतात पण माउस हलत नाही, तर ॲक्सेसिबिलिटीची परवानगी राहिली आहे. दोन्ही सिस्टिम सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली मिळतात, आणि परवानगी दिल्यावर टूल बंद करून पुन्हा उघडावं लागतं. हे विसरून लोक तीनतीनदा टिक काढ-घाल करत बसतात.

एमडीएमवाल्यांनी (एका जागेवरून सगळी मशीन सांभाळणाऱ्यांनी) एक गोष्ट स्वीकारून टाकावी. ॲक्सेसिबिलिटी प्रोफाइलने (मशीनवर पाठवलेल्या सेटिंग्जच्या फाइलने) देता येते, स्क्रीन रेकॉर्डिंग देता येत नाही. फार तर बिग सर आणि त्यापुढे, ॲडमिन नसलेल्या युजरलाही ती स्वतः देता येईल एवढी मोकळीक प्रोफाइलने देता येते. क्लिक त्यालाच करावं लागतं. 2024 च्या सिकोयापासून तर ती परवानगी अधूनमधून, साधारण महिन्याने, पुन्हा विचारली जाते. “मागच्या महिन्यात चालत होतं” या तिकिटाचं उत्तर तिथे आहे.

लिनक्सवर वेलँड (स्क्रीनवर खिडक्या मांडणारी नवी यंत्रणा) असेल तर स्क्रीन दाखवण्याआधी डेस्कटॉपचा पोर्टल युजरला विचारतो. जुन्या एक्स11 वर कुणी विचारत नसे, त्यामुळे अपग्रेडनंतर “बिघडलं” असं वाटतं. परवानगी लक्षात ठेवायला टूलने पोर्टलला तशी विनंती करावी लागते. तुमचं टूल करत नसेल तर नवीन आवृत्ती बघा. लॉगिन स्क्रीनवर मात्र विचारायला युजरच नसतो, तिथे बरीच टूल्स हात टेकतात.

‘अलाउ’ कुणाला म्हणायचं हे युजरला कसं कळणार

परवानगीची खिडकी चालू ठेवली की पुढचा प्रश्न येतो. युजर काय पाहून होकार देतो? क्विक असिस्टमध्ये कोड मदतनीस तयार करतो आणि युजर तो टाकतो. म्हणजे फोन करणारा कुणीही असला तरी त्याच्याकडे चालणारा कोड असतोच, त्यावरून माणूस खरा ठरत नाही. मे 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टने स्टॉर्म-1811 या नावाने ओळखलेल्या टोळीबद्दल लिहिलं. आयटी सपोर्टमधून बोलतोय असं सांगून ही टोळी क्विक असिस्टने आत शिरायची आणि शेवटी ब्लॅक बास्टा रॅन्समवेअर पेरायची. तिथे युजरने स्वतःच्या हाताने परवानगी दिलेली होती.

आम्ही दोन गोष्टी केल्या. एक टूल निवडलं आणि बाकीची काढून टाकली, क्विक असिस्टसकट. आणि युजरना एवढंच सांगितलं: आम्ही आधी फोन केला तर कोड टाकू नका, फोन ठेवा आणि हेल्पडेस्कच्या नेहमीच्या नंबरवर तुम्ही करा. सुरुवातीला काही जणांनी मलाच उलट फोन लावून “खरंच तुम्हीच का?” असं विचारलं. थोडा राग आला, मग बरं वाटलं.

शेवटी तपासणीबद्दल. वरचं काहीही बदललं की स्वतःच्या ॲडमिन खात्यावरून चाचणी घेऊ नका, तिथे सगळं नेहमीच चालतं. एका साध्या स्टँडर्ड खात्याने लॉगिन करा, सहकाऱ्याला त्या खुर्चीत बसवा, तुम्ही दुसऱ्या खोलीत जा आणि फोनवर बोलत जोडा. त्याला एकदा ‘अलाउ’ दाबायला सांगा, एकदा ‘डिनाय’, आणि एकदा काहीच न दाबता बसून राहायला. तिसऱ्या वेळी तुम्ही आत गेलात तर मुदत संपल्यावरचं सेटिंग अजून ‘स्वीकारा’वर आहे.